सीलबंद स्फेरिकल रोलर बेअरिंग घेण्याआधी जुनं बेअरिंग नीट पाहा

तुम्ही विचारलंय की धुळीत चालणाऱ्या कन्व्हेअरच्या ड्रमवरची स्फेरिकल रोलर बेअरिंग्ज (रोलरच्या दोन ओळींची, शाफ्ट थोडा तिरका झाला तरी चालणारी) वर्षभरही टिकत नाहीत, तर सीलबंद, म्हणजे बाजूंना रबरी सील असलेली, घ्यावीत का आणि निवडताना काय पाहावं.

घ्या, पण ती धुळीनंच जात असतील तर. मेंटेनन्सच्या कामात माझा पहिला नियम हाच आहे: उतरवलेलं बेअरिंग भंगारात टाकायच्या आधी धुवायचं, आतली रिंग आडवी फिरवायची आणि बाहेरच्या रिंगचा ट्रॅक, म्हणजे रोलर जिथून धावतात तो पट्टा, पाहायचा. ट्रॅक करडा, निस्तेज पडलाय आणि त्यावर बारीक खड्डे आहेत, तर कचरा आत जातोय. तिथे सील खरोखर कामाला येतं. पण रोलरच्या दोन ओळींपैकी एकीचाच ट्रॅक खराब असेल तर अक्षीय लोड, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं येणारा लोड, जास्त आहे. धातू निळा किंवा तपकिरी पडला असेल तर उष्णता आहे. ही दोन्ही दुखणी सीलनं बरी होत नाहीत.

लोडचा हिशेब मात्र सोडू नका. रोलर बेअरिंगच्या आयुष्याच्या सूत्रात घात १०/३ असतो, म्हणजे लोड निम्मा झाला की आयुष्य जवळपास दहापट.

आता सीलमुळे काय गमवावं लागतं ते बघा. उघडं बेअरिंग शाफ्टचा दीड-दोन अंश तिरकेपणा सहज खातं, सीलबंदात ही मर्यादा साधारण अर्ध्या अंशावर येते. एक मीटर लांबीत अर्धा अंश म्हणजे जेमतेम ९ मिमी. शाफ्ट लोडखाली वाकत असेल किंवा पाया एका बाजूनं खचला असेल, तर सीलची लिप (रिंगवर टेकणारी रबरी कड) एका बाजूला उचलली जाते आणि धूळ तिथूनच शिरते. लिप घासत असल्यानं वेगाची मर्यादाही उतरते. कन्व्हेअर ड्रमला ते सहसा आड येत नाही.

रुंदी तपासा, कळकळीनं सांगतो. बोअर (आतल्या भोकाचा व्यास) आणि बाहेरचा व्यास जुळला म्हणून मी एकदा ऑर्डर दिली आणि शटडाऊनमध्ये हाउसिंग उघडल्यावर बेअरिंग बसेना. २२२२० या क्रमांकाच्या उघड्या बेअरिंगची रुंदी ४६ मिमी, तर त्याच १०० मिमी बोअरचं आणि १८० मिमी व्यासाचं सीलबंद बेअरिंग ५५ मिमीचंही येतं. हाउसिंगमध्ये बेअरिंग जागेवर धरणाऱ्या लोकेटिंग रिंगा बदलाव्या लागतात, आणि मोकळ्या बाजूला शाफ्ट सरकायला जागा उरते का हेही मोजावं लागतं.

सीलचं मटेरियल तापमानावर ठरवा. एनबीआर (नायट्राइल रबर) साधारण १०० अंश सेल्सियसपर्यंत, एचएनबीआर (हायड्रोजनेटेड नायट्राइल) १५०, एफकेएम (फ्लोरोरबर) २०० पर्यंत. पण आत भरलेल्या ग्रीसची मर्यादा याहून कमी असू शकते. एफकेएम घेतलंत तर अडकलेलं बेअरिंग गॅस कटरनं कधीही कापू नका. ३०० अंशांच्या वर त्यातून अतिशय विषारी वायू निघतात, आणि थंड झाल्यावरही तो जळका अवशेष उघड्या हातानं धरायचा नसतो.

बसवताना ८० अंशांच्या वर तापवू नका, तेलात तर बुडवूच नका. इंडक्शन हीटर वापरा. सील आड आल्यानं टेपर (निमुळत्या) बोअरच्या बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे रोलर आणि रिंगमधली फट, फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजता येत नाही. तिथे हायड्रॉलिक नट वापरायचा किंवा लॉकनट ठरलेल्या कोनात फिरवायचा, आणि तो आकडा त्याच बेअरिंगच्या उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यायचा.