वाढदिवस नको, मंगळवार द्या

मागच्या अंकात आमच्या कर्मशाळेविषयी लिहिलं आणि शेवटी 'मदतीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा' अशी एक ओळ टाकली. संपादकांनी सतरा पत्रं पाठवली. सगळ्यांना इथे जागा नाही. ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी: मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. सांगलीजवळ अठरा वर्षांपुढच्या बौद्धिक अक्षम मुलांची एक कर्मशाळा, म्हणजे काम शिकायची आणि करायची जागा, आम्ही पालक मिळून चालवतो, तिची बारा वर्षं खजिनदार आहे. माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, तो ३४ वर्षांचा आहे. 'मुलं' म्हणायची सवय काही सुटत नाही. त्या मुलांतला एक जण ५१ वर्षांचा आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून यंदा ४० हजार रुपये उरले. एखाद्या विशेष मुलांच्या संस्थेत एक दिवस गोडाचं जेवण आणि प्रत्येकाला एक ब्लँकेट द्यावं असं सभेत ठरत आहे. योग्य होईल का? (एक सेक्रेटरी, कोल्हापूर)

जेवण नको, असं देणगीदाराच्या तोंडावर सांगायला मला सात-आठ वर्षं लागली. आता सांगते. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. एका वर्षी त्या एकाच दिवशी आमच्याकडे तीन मंडळं आली. सकाळी शिरा, दुपारी जिलेबी, चार वाजता गुलाबजाम. कुणालाच नाही म्हणता आलं नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं वजन आधीच पटकन वाढतं, कित्येकांना थायरॉइडचा त्रास असतो. त्यात बड्डे-बॉयचे केक वेगळेच. शहरातले लोक वाढदिवस 'विशेष मुलांसोबत' साजरा करतात, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी मुलांना जिना चढायला लावतो.

ब्लँकेटांचं तर विचारूच नका. आमची मुलं संध्याकाळी पाचला आपापल्या घरी जातात. माळ्यावर मी मोजली तेव्हा ११८ ब्लँकेटं होती.

आम्हाला लागतं ते डिझेल. आमची एक जुनी व्हॅन आहे. सकाळी चाळीसेक किलोमीटर फिरून मुलांना आणते, संध्याकाळी तेवढंच फिरून सोडते. महिन्याला १८ हजारांच्या आसपास डिझेल, वर ड्रायव्हरचा पगार, आणि गाडीत मागे बसणाऱ्या मावशींचा पगार. मावशी नसतील तर फिट येणाऱ्या मुलाला गाडीत घेता येत नाही, म्हणजे तो त्या दिवशी घरीच. गाडी एक आठवडा बंद पडली तेव्हा बेचाळीसपैकी अकरा जण आले. बाकीच्यांच्या आया कामाला गेल्या नाहीत. डिझेलला कुणी देणगी देत नाही, कारण डिझेलवर नाव कोरता येत नाही. पंख्यावर येतं. आमच्या एका खोलीत चार पंखे आहेत, चारांवर चार स्वर्गवासी.

एका सोसायटीने यावर तोड काढली. त्यांनी 'फेब्रुवारी' घेतला. पाच वर्षं दर फेब्रुवारीचं डिझेल त्यांचं. गाडीच्या मागच्या काचेवर आम्ही महिनाभर कागद लावतो, 'या महिन्याचं डिझेल' आणि खाली सोसायटीचं नाव. कागद चिकटवायचा मान माझ्या मुलाचा. वाचता येत नाही त्याला, पण कागद उलटा लागलेला मात्र कधी पाहिला नाही. तुम्ही जवळच्या संस्थेत जाऊन 'दर महिन्याला तुमचं कशावर अडतं?' एवढंच विचारा. आमचं डिझेल आहे, त्यांचं घरभाडं असेल, नाहीतर फिजिओथेरपिस्टचं मानधन.

आता खजिनदार म्हणून दोन शब्द. पैसे चेकने द्या, सोसायटीच्या सभेत ठराव करून द्या. पावती मागा, आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवालही मागा. अहवाल मागितला म्हणून जी संस्था रागावते तिच्या दारातून परत फिरा. वैयक्तिक देणगीदारांना देणगीवरची आयकर सवलत (८०-जी) हवी असेल तर २ हजारांपुढची रोख चालत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती सवलतच नाही. हे आधी सांगितलं तर मार्चमध्ये भांडण होत नाही. तुमचं मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी घ्यावी लागते, ती तुम्ही घेतली असेलच असं धरते.

प्रश्न : एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांबरोबर एकदा विशेष शाळेत गेलो होतो. एका मोठ्या मुलाने माझा हात घट्ट धरला, सोडेना. मी घाबरलो, ओढून घेतला. नंतर खूप वाईट वाटलं. पुन्हा जावंसं वाटतं, पण तिथे जाऊन करायचं काय ते कळत नाही. तास भरायचे आहेत हेही खरं. (एक विद्यार्थी, पुणे)

शेवटचं वाक्य लिहिलंस म्हणून तुझं पत्र वर काढलं. तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात. एका रविवारी शंभर पोरं बस भरून येतात, फुगे लावतात, नाचतात, फोटो काढतात आणि जातात. आमच्याकडे २६ वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. अशाच एका कार्यक्रमात फुगा फुटला. तो कान दाबून टेबलाखाली गेला आणि पुढचे दोन दिवस त्या हॉलमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हता. ज्यांनी फुगे आणले त्यांना हे अजून माहीत नाही. ती चांगली मुलं होती.

तू एकटा ये आणि मंगळवारी ये. मंगळवारच का? सोमवारी रविवारच्या सुट्टीमुळे सगळी बिथरलेली असतात, शुक्रवारी घरी जायची घाई. मंगळवारी आमच्याकडे हळद भरायचं काम असतं. तुझ्या जवळच्या संस्थेचा वेगळा वार असेल, पण एकच वार धर. दर वेळी दोन तास, असे तीस मंगळवार आलास तर साठ तास होतात, म्हणजे निम्मे. उरलेले झाडं लावून भर.

पहिला महिना हात मागे बांधून उभा राहा. आमच्याकडे पणत्यांचं पॅकिंग असतं. ज्यांना दहापर्यंत मोजता येत नाही त्यांच्यासाठी एक फळी आहे, तिला दहा खळगे. प्रत्येक खळग्यात एक पणती, सगळे खळगे भरले की दहा झाल्या, मग त्या डब्यात. हळदीसाठी तराजू, एका पारड्यात शंभर ग्रॅमचं वजन कायमचं बांधून ठेवलेलं. दांडी सरळ झाली की पिशवी बंद. काम सोपं दिसतं, पण एकेक टप्पा शिकायला कुणाला सहा महिने लागलेत. एक स्वयंसेवक आला, बिचारा उत्साही, त्याने शेजारच्याच्या फळीवर पणत्या भराभर मांडून दिल्या. तो शेजारचा हाताची घडी घालून बसला, तो दिवस संपेपर्यंत. आपल्याला वेळ वाया जातोय असं वाटतं तिथेच थांबायचं असतं.

बोलायचं मुलांशी, त्यांच्या डोक्यावरून तिथल्या बाईंशी नाही. चाळिशीच्या माणसाला 'अले बाळा' करू नकोस. दादा म्हण, ताई म्हण. उत्तर यायला वेळ लागतो, दहापर्यंत मनात मोज. तेच पुन्हा विचारलंस की त्याचा आकडा पहिल्यापासून सुरू होतो.

हाताचं सांगते. कुणी हात धरला तर ओढायचा नाही. ओढलास की पकड घट्ट होते. आपला हात सैल सोडायचा, शांतपणे एकदा 'सोड' म्हणायचं, बाईंना हाक मारायची आणि थांबायचं. बहुतेक वेळा त्याला काही दाखवायचं असतं, किंवा तू जाऊ नयेस एवढंच म्हणायचं असतं. घाबरलास यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पहिल्या दिवशी मीही घाबरले होते, आणि तो तर माझ्या पोटचा होता.

काही गोष्टी मात्र नियम म्हणून पाळ. बंद खोलीत एकट्याबरोबर थांबायचं नाही. स्वच्छतागृहात मदत करायची नाही, ते मावशींचं काम. फोटो नाहीत. गुपचूप चॉकलेट नाही. कुणी हे नियम तुला सांगितले नाहीत तर तूच विचार.

आणि थांबायचं असेल तेव्हा तीन आठवडे आधी सांग. कॅलेंडरवर खूण करून दाखव. आमच्याकडे एक मुलगी वर्षभर दर मंगळवारी यायची, फार गुणी. परीक्षा आल्या, ती न सांगता थांबली. आमच्यातल्या एकाला वारांची नावं कळत नाहीत, पण हळदीचं पोतं उघडलं की तो काम टाकून फाटकाशी जाऊन उभा राहायचा. चार महिने.

प्रश्न : माझं वय ६७, गुडघे गेलेले. मुलांच्या मागे धावणं जमणार नाही, पैसेही बेताचे. मी कचेरीत कारकून होतो. माझा काही उपयोग आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

तुमच्यासारखा माणूस मिळाला तर मी ११८ ब्लँकेटं द्यायला तयार आहे.

आमच्या पालकांना सगळ्यात जास्त गरज आहे ती फॉर्म भरणाऱ्याची. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, त्यावर नावाची स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवणं, जुनं प्रमाणपत्र बदलून घेणं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. तरी आमच्याकडे अर्ध्या पालकांनी ती काढली नव्हती, आणि ज्यांनी काढली त्यातल्या बऱ्याच जणांनी नूतनीकरण केलं नव्हतं. कारण एकच, कोण बसणार ते घेऊन.

दुसरं पालकत्वाचं. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना बँकेतच कळतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. अर्ज करावा लागतो, कागद लागतात, खेटे घालावे लागतात. मी काउंटरच्या पलीकडे असताना 'पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा' म्हणून किती आयांना परत पाठवलं असेल. ते कुठे मिळतं हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. घरात तेव्हा माझा स्वतःचा मुलगा सोळा वर्षांचा होता.

शनिवारी सकाळी एका टेबलाशी बसा. स्टेपलर, झेरॉक्सचे सुटे पैसे आणि चष्मा एवढं पुरे.

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. ती जाते त्या संस्थेला ऑनलाइन निधी जमवण्यासाठी तिचा व्हिडिओ हवा आहे, थेरपीच्या वेळी ती रडते तेव्हाचा. 'असं दाखवल्याशिवाय पैसे येत नाहीत' म्हणतात. आमची फी माफ आहे, नाही कसं म्हणू? (एक आई, चिपळूण)

नाही म्हणा. फी माफ केली म्हणजे रडणं विकत घेतलं असं होत नाही.

माझी गोष्ट सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मंडळाने माझ्या मुलाचा फोटो न विचारता चौकातल्या बॅनरवर लावला. खाली लिहिलं होतं, 'यांच्या चेहऱ्यावर हसू फुलवा'. गंमत अशी की त्या फोटोत तो हसतच होता. मी रिक्षातून उतरून भर चौकात रडले. आणि तो? तो खूश. बॅनरखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मी, मी' म्हणून दाखवत होता. म्हणजे संमती कुणाची, लाज कुणाची, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्या बॅनरने पैसे आले, हेही खोटं बोलत नाही. पण आले ते एकदाच. डिझेलवाले दर वर्षी येतात.

तुमच्या मुलीचं मात्र अवघड नाही. ती अकरा वर्षांची आहे, बोलता येत नसलं तरी तिला विचारता येतं. व्हिडिओ तिला आधी दाखवा, तिने तोंड फिरवलं की उत्तर मिळालं. संस्थेला दुसरं काही सुचवा: वॉकर घेऊन ती किती पावलं चालते, त्या वॉकरची किंमत किती, थेरपिस्ट आठवड्याला किती तास येतात. आणि जो काही फोटो द्याल तो लेखी द्या. कुठे वापरणार, किती दिवस, आणि मागितला तर काढून टाकणार, हे कागदावर आणा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेतल्या मराठी मंडळाची मंडळी. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमातून जमलेली रक्कम महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला पाठवायची आहे. (न्यू जर्सी)

आधी संस्थेला विचारा, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का. नसेल तर तुमचं मंडळ तिला पैसे पाठवू शकत नाही, आणि 'माझ्या भावाच्या खात्यात टाका, तो देईल' ही युक्ती तर अजिबात करू नका. त्यात संस्था अडकते, तुम्ही नाही. नोंदणी असली तरी परदेशी रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते. तुमच्यातल्या ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत वैयक्तिक देणगी देऊ शकतात, ती परदेशी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्यांना ते लागू नाही. आमच्याकडे नोंदणी नाही, म्हणून हे निर्लोभपणे सांगते आहे.

प्रश्न : हे सगळं सरकारचं काम नाही का? आपण का पैसे द्यायचे? (एक त्रासलेला करदाता)

आहे. म्हणूनच तुमच्या गावात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेला जा, उठून विचारा: मागच्या वर्षी किती जमला, किती खर्च झाला, कशावर, आणि गावातल्या बौद्धिक अक्षम मुलांची यादी कुठे आहे. आमच्या पालकांनी तीन गावांत विचारलं. एका गावात चाकाच्या खुर्च्या घेतल्या होत्या, पण ज्यांना दिल्या त्यातले दोघं चालत येऊन घेऊन गेले. दुसऱ्या गावात यादीच नव्हती, ती आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हरने सांगून लिहून घेतली. तिसऱ्या गावातून आमच्या जूनच्या डिझेलचा अर्धा चेक आला.