परदेशातल्या सशस्त्र कम्युनिस्ट क्रांतीला डाव्यांनी पाठिंबा द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या विद्यार्थी संघटनेच्या अधिवेशनात फिलिपिन्समधल्या 'न्यू पीपल्स आर्मी'च्या (एनपीए, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट पक्षाची फौज) सशस्त्र लढ्याला पाठिंबा देणारा ठराव येणार आहे. तुमचं मन त्याला तयार होत नाही, पण विरोध केला तर सोबतचे लोक डावं म्हणायलाच तयार होणार नाहीत, अशी धाकधूक आहे. म्हणून तुम्ही विचारता, डाव्यांची यावर नेमकी भूमिका काय?

मी सोलापूरचा. आयुष्याची बरीच वर्षं विडी कामगार बायकांच्या युनियनमध्ये गेली. तुमच्या वयाचा असताना, 1991 साली, असाच एक ठराव मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, पेरू देशासाठी. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर देऊन टाकतो. मी तुमच्या जागी असतो तर या ठरावाच्या विरोधात हात वर केला असता. तिथल्या कामगार-शेतकऱ्यांवर गोळ्या घालणाऱ्या सरकारचा आणि त्या सरकारला शस्त्रं पुरवणाऱ्यांचा निषेध केला असता, मोर्चाही काढला असता. पण एका सशस्त्र पक्षाच्या प्रत्येक कृतीवर, इथे बसून, आंधळेपणाने सही केली नसती.

डाव्यांचं याबाबत एकमत कधीच नव्हतं, हे लक्षात घ्या. जगभरच्या क्रांतीला हातभार लावायचा म्हणून लेनिनने 1919 मध्ये कॉमिन्टर्न ही कम्युनिस्ट पक्षांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली आणि 1943 मध्ये स्टालिनने ती गुंडाळली. चे गेव्हारा क्रांती घेऊन बोलिव्हियात गेला तेव्हा तिथल्याच कम्युनिस्ट पक्षाने त्याला साथ दिली नाही, तिथला शेतकरीही त्याच्या तुकडीत आला नाही, आणि ऑक्टोबर 1967 मध्ये तो मारला गेला. त्याच वर्षी पेकिंगने, म्हणजे चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने, बंगालमधल्या नक्षलबारीच्या उठावाला 'वसंतातला मेघगर्जनेचा आवाज' म्हणून डोक्यावर घेतलं. 'चीनचे चेअरमन ते आमचे चेअरमन' ही घोषणा कलकत्त्याच्या भिंतींवर लिहिली गेली. पण 1970 मध्ये नक्षलवादी नेते सौरेन बोस लपतछपत चीनला पोचले तेव्हा खुद्द चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी त्यांना सांगितलं की ही घोषणा चुकीची आहे. पुढच्याच वर्षी श्रीलंकेत जेव्हीपी या डाव्या पक्षाच्या झेंड्याखाली हजारो ग्रामीण तरुण-तरुणी बंड करून उठले. ते बंड चिरडायला भारताने, सोव्हिएत संघाने, ब्रिटनने, अमेरिकेने, सगळ्यांनी मिळून बंदरनायके सरकारला मदत केली. चीनने तर बिनव्याजी कर्ज दिलं आणि चाऊ एन-लायचं पाठिंब्याचं पत्रही गेलं. ती पोरं स्वतःला मार्क्सवादीच म्हणवत होती. क्रांतीच्या नावाने राज्य करणाऱ्या देशांनी दुसऱ्यांच्या क्रांतीला पाठिंबा दिला की नाही, हे बहुतेक वेळा त्यांच्या परराष्ट्र धोरणावर ठरलं.

आता पेरूकडे येतो, कारण मला जे सांगायचंय ते तिथलं आहे.

पेरूमधल्या आयाकुचो शहरात विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अबिमाएल गुझमानने 'सेंदेरो लुमिनोसो' म्हणजे 'शायनिंग पाथ' हा माओवादी पक्ष उभा केला. मे 1980 मध्ये, बारा वर्षांची लष्करी राजवट संपवणाऱ्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी, चुस्की गावात मतपेट्या जाळून त्यांनी युद्ध सुरू केलं. आमच्या अभ्यासमंडळात लंडनहून निघणारं एक इंग्रजी मासिक हातोहात फिरत यायचं. त्यात डोंगरदऱ्यांतल्या लाल झेंड्यांची चित्रं असायची, मुक्त गावांची वर्णनं असायची. रशियात सगळं कोसळत होतं, चीन बाजाराच्या वाटेला लागला होता, इथे गिरण्यांची अवस्था डोळ्यांसमोर होती. अशा वेळी जगात कुठेतरी आपले लोक जिंकताहेत, ही कल्पना आम्हाला हवीहवीशी वाटली. मी ठराव लिहिला, आम्ही सतरा जणांनी टाळ्या वाजवून तो मंजूर केला, आणि त्याची एक प्रत भिंतीला डकवली.

जानेवारी 2004 मध्ये मुंबईत गोरेगावला वर्ल्ड सोशल फोरम हा जगभरच्या चळवळींचा मेळावा भरला होता. तिथे एका मंडपात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बायकांशी दुभाष्यामार्फत गप्पा चालल्या होत्या. त्यांतली एक पेरूची निघाली, तेव्हा मी अभिमानाने तिला आमच्या ठरावाचं सांगितलं. दुभाष्याने ते तिला सांगितल्यावर ती गप्प झाली. मग तिने साल विचारलं. माझ्या हातातलं हँडबिल घेऊन त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मोठ्या अक्षरांत एक नाव आणि एक तारीख लिहिली. ते हँडबिल अजून माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंय: मारिया एलेना मोयानो, 15 फेब्रुवारी 1992.

लिमा शहराच्या दक्षिणेला वाळवंटात व्हिया एल साल्वादोर नावाची वस्ती आहे. 1971 मध्ये घर नसलेल्या लोकांनी ती वाळूत वसवली. मारिया एलेना तिथेच वाढली, तिथल्या महिला महासंघाची नेता झाली, पुढे उपमहापौर. ती डाव्या चळवळीतलीच होती. तिच्या महासंघाच्या बायका दोन कामं करायच्या. एक म्हणजे सामाईक स्वयंपाकघरं. वस्तीतल्या बायकांनी आळीपाळीने मोठ्या पातेल्यांत एकत्र रांधायचं आणि घरोघरी परवडेल अशा दरात जेवण न्यायचं. दुसरं, पोरांना रोज एक पेला दूध. लिमाच्या मार्क्सवादी महापौराने, अल्फोन्सो बारांतेसने, सुरू केलेली ही योजना वस्त्यांत चालायची ती या बायकांच्या जिवावर.

सेंदेरोला हे नको होतं. बायका स्वतः संघटित होऊन भूक भागवताहेत म्हणजे त्या क्रांतीला उशीर करताहेत, सुधारणावादी आहेत, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबर 1991 मध्ये स्वयंपाकघरांना धान्य पुरवणाऱ्या महासंघाच्या कोठारावर बॉम्ब टाकला गेला आणि वर मारिया एलेनावरच आळ घेतला. 14 फेब्रुवारी 1992 ला सेंदेरोने 'सशस्त्र बंद' पुकारला, म्हणजे जो कामावर जाईल त्याच्या जिवाला धोका. ती त्या दिवशी पांढरे झेंडे घेऊन मूठभर लोकांसोबत रस्त्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या एका कार्यक्रमात, मुलांच्या देखत, तिला गोळ्या घातल्या आणि प्रेताला डायनामाइट लावून उडवून दिलं. ती 33 वर्षांची होती.

आमचा ठराव त्याच्या काही महिने आधीचा. म्हणजे कोठारावर बॉम्ब पडत होता त्याच सुमारास आम्ही भिंतीवर तो कागद डकवत होतो.

सोलापूरला परतल्यावर युनियनच्या बैठकीत मी हे बायकांना सांगितलं. आमच्याकडच्या बहुतेक बायका घरी तेलुगू बोलणाऱ्या. मांडीवर सूप घेऊन, पान कातरून, दिवसभर विड्या वळतात आणि कारखान्यात देताना किती विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातील या काळजीत असतात. सगळं ऐकून एका वयस्कर अक्काने विचारलं, "तिला मारणारे कारखानदाराचे होते का?" मी म्हणालो, "नाही अक्का, लाल बावट्याचेच होते." ती म्हणाली, "मग तुम्ही कुणाला सलाम केला होता?" मला उत्तर देता आलं नाही.

सेंदेरोचं पाप सांगताना पेरूच्या सैन्याचं झाकायचं नाही. अक्कोमार्का गावात 1985 मध्ये सैनिकांनी साठाहून अधिक माणसं मारली, त्यांत बायकापोरंही होती. पण 2003 मध्ये पेरूच्या सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला, त्यात वीस वर्षांतल्या मृतांचा अंदाज सुमारे 69 हजार होता. नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक सेंदेरोच्या माथी होते, आणि दर चार बळींपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा तिथली दुसरी एखादी आदिवासी भाषा होती. ज्यांच्यासाठी युद्ध पुकारलं ते हेच डोंगरातले गरीब शेतकरी. लुकानामार्कात 1983 मध्ये सेंदेरोने 69 गावकऱ्यांना मारलं, बहुतेकांना कुऱ्हाडी-कोयत्यांनी, आणि गुझमानने पुढे मुलाखतीत त्याची जबाबदारी घेतली. हे सगळं आम्हाला कळण्यासारखं होतं. आम्ही फक्त एकाच मासिकावर विश्वास ठेवला.

सप्टेंबर 1992 मध्ये गुझमान पकडला गेला आणि पुढच्या वर्षी तुरुंगातून त्यानेच सरकारकडे शांतता-बोलणी मागितली. तेव्हा बाहेरच्या कित्येक समर्थकांनी ती पत्रं खोटी ठरवली. नेपाळमध्येही तेच झालं. दहा वर्षांच्या युद्धात सतरा हजारांच्या आसपास माणसं गेली. माओवाद्यांनी नोव्हेंबर 2005 मध्ये दिल्लीत सात पक्षांशी बारा कलमी समझोता केला. आपल्याकडचे सीताराम येचुरी त्या वाटाघाटींत मदतीला होते. पुढे राजेशाही गेली. पण परदेशातल्या काही क्रांतिकारी पक्षांनी नेपाळच्या माओवाद्यांना गद्दार म्हटलं. या समर्थकांच्या घरातलं एकही माणूस त्या युद्धात गेलेलं नव्हतं. मला याचा मनापासून राग येतो, आणि तो रोज येतो कारण मीही त्यांच्यातलाच होतो.

तुमच्यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: मग जनतेने मार खात बसायचं का? नाही. व्हिएतनामवर बॉम्ब पडत होते तेव्हा 'तोमार नाम, आमार नाम, व्हिएतनाम' म्हणत रस्त्यावर आलेले लोक बरोबर होते. परक्या फौजेने देश भाजून काढला तर बंदूक हातात घ्यायचा हक्क तिथल्या लोकांना आहे. आणि मदत कशी करायची याचं उदाहरण माझ्याच गावचं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथेच लग्न केलं, मुलगा झाला, तिथल्या कम्युनिस्ट पक्षातही गेले, आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. पक्ष निवडला तो तिथे राहून, लोकांना डोळ्यांनी बघून, स्वतःच्या जिवाची किंमत मोजून. आमच्या ठरावाला काय किंमत पडली होती? चहा आणि एक कागद.

आता फिलिपिन्स. तिथल्या जमीनदारीचा प्रश्न खरा आहे. नोव्हेंबर 2004 मध्ये हासिएन्दा लुइसिता या उसाच्या मळ्यावर संपकऱ्यांवर गोळीबार झाला, निदान सात जण मेले. मार्च 2021 मध्ये एकाच दिवशी पोलिसांनी नऊ कार्यकर्त्यांना मारलं. कुठल्याही युनियनवाल्याला 'एनपीए' ठरवून टाकायची तिथल्या सरकारची पद्धत आहे. पण एनपीएच्या याच कम्युनिस्ट पक्षाने 1980 च्या दशकात मिंदानाव या दक्षिणेकडच्या बेटावर हेर शोधण्याच्या नादात आपल्याच शेकडो कार्यकर्त्यांना छळून मारलं. 2003 मध्ये आपला जुना सेनापती रोमुलो किंतानार याला उपाहारगृहात गोळ्या घालून त्याची जबाबदारीही घेतली. वॉल्डन बेलो यांच्यासारख्या तिथल्याच डाव्या विचारवंताचं नाव 2004 मध्ये 'प्रतिक्रांतिकारकां'च्या तक्त्यात छापलं. बेलोंसारखी माणसं सरकारच्याही विरोधात आहेत आणि या बंदुकीलाही घाबरून आहेत. तुमचा ठराव त्यांच्याबद्दल काय म्हणतो, ते तपासा.

म्हणून अधिवेशनात नुसता विरोध करू नका, पर्यायी मसुदा घेऊन जा. त्यात हासिएन्दा लुइसिता येऊ द्या, ते नऊ कार्यकर्ते येऊ द्या, राजकीय कैद्यांच्या सुटकेची मागणी येऊ द्या, फिलिपिन्सच्या लष्कराला जाणारी शस्त्रमदत थांबवायची मागणी येऊ द्या, दोन्ही बाजूंनी बोलणी पुन्हा सुरू करावीत हे येऊ द्या. आणि एक ओळ अशी घाला की मतभेदासाठी डाव्या कार्यकर्त्यांना मारणाऱ्या कुणालाही आमचा पाठिंबा नाही. सगळी ओढाताण याच ओळीवर होईल. ती काढून टाका म्हणणाऱ्यांना कारण विचारा आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून देईन.