थंड देशात खायची केळी: खोड जगलं तरच घड

पुढच्या वर्षी थंड देशात कायमचं राहायला जाताय, घरामागे थोडी जमीन मिळणार आहे, तर तिथे खाण्याजोगी केळी येतील का आणि जाताना मुनवे (केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं) न्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच हवेत बारा वर्षं राहतेय. हिवाळ्यात पारा उणे 8 पर्यंत उतरतो, उबदार महिने जेमतेम पाच. तरी घरचे घड उतरवलेत. त्याआधी तीन वर्षं वाया गेली, ती तुमची जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

मुनवे नेऊ नका. बहुतेक देश माती-मुळांसकट रोप वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आत येऊ देत नाहीत, आणि त्यामागचं कारण खरं आहे. पनामा मर रोगाची बुरशी आणि पर्णगुच्छ रोगाचा विषाणू मुनव्यांबरोबर प्रवास करतात, आणि वरून झाड निरोगी दिसलं तरी ते आत असू शकतात. तिकडे गेल्यावर ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप घ्या.

रोप घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ‘थंडी सोसणारी केळ’ म्हणून सर्रास विकली जाते ती मुसा बासजू, मूळची दक्षिण चीनमधली. जाड आच्छादन असेल तर तिचा कंद उणे 10 च्या खालीही तग धरतो. पण तिची फळं म्हणजे काळ्या बियांभोवती नावापुरता गर. माझं पहिलं रोप हेच होतं, आणि चिठ्ठीवर ‘खाद्य’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तीन वर्षं मी घडाची वाट बघितली. मुसा सिक्किमेन्सिसची गतही तीच, दिसायला देखणी, फळात बिया.

आपण खातो ती बहुतेक केळी दोन रानटी जातींपासून आलीत, अक्युमिनाटा आणि बाल्बिसियाना. बाल्बिसियानाचा अंश जास्त असेल तर वाण साधारणपणे थंडीला आणि पाण्याच्या ताणाला काटक निघतो. म्हणून बुटकी ओरिनोको किंवा नामवा शोधा. राजापुरीही बुटकी आणि वाऱ्याला खंबीर आहे. बुटकी कॅव्हेंडिश गारठ्याने लवकर पिवळी पडते, पण कुंडीत ठेवायला सोयीची. जमिनीत एकच लावायची असेल तर मी ओरिनोकोच सांगेन.

आता खरी मेख. कंद जगला म्हणजे केळ जगली, पण घड मिळेलच असं नाही. ज्याला आपण खोड म्हणतो ती एकात एक बसलेली सोपटं, म्हणजे पानांचे तळाचे पापुद्रे. केळफूल तयार होतं खाली कंदाच्या शेंड्याशी, आणि या सोपटांच्या मधून वर चढतं. तीस-चाळीस पानं टाकल्याशिवाय केळ सहसा निसवत नाही, म्हणजे केळफूल बाहेर टाकत नाही. 25 ते 30 अंशांत आठ-दहा दिवसांना एक पान येतं, 15 च्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. माझ्याकडच्या पाच महिन्यांत पंधरा-सतरा पानं होतात. म्हणजे एका उन्हाळ्यात निसवण शक्यच नाही. दर हिवाळ्यात खोड जमिनीपर्यंत मेलं, की वसंतात नवा मुनवा पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि दरवर्षी तिथेच अडकतो. म्हणून सगळी धडपड खोड जगवण्यासाठी.

जमिनीतल्या झाडासाठी मी असं करते. पहिल्या हलक्या दहिवराने (गोठलेल्या दवाने) पानं करपली की ती छाटते, खोडाभोवती जाळीचा पिंप उभा करून त्यात कोरडा पेंढा ठासून भरते, आणि वर फक्त पावसापुरतं झाकण ठेवते. एका वर्षी मी खोड प्लास्टिकने घट्ट गुंडाळलं होतं. मार्चमध्ये सोडलं तर बाहेरची सोपटं बोटाने दाबताच आत गेली आणि कुजका आंबट वास आला. गारठ्यापेक्षा आतला ओलावाच केळीला जास्त मारतो. मग मी सुरी घेऊन काप-काप करत खाली गेले. गुडघ्याच्या उंचीवर मध्यभागी पांढराशुभ्र, टणक गाभा लागला, तेव्हा कुठे जीवात जीव आला. ऊब वाढली तशी त्या कापातून पोंग्याची (न उलगडलेल्या नव्या पानाची) गुंडाळी वर सरकू लागली.

हिवाळा याहून कडक असेल तर झाड खणून काढा, पानं छाटा, मुळांची माती झटका आणि 5 ते 10 अंशांच्या अंधाऱ्या, कोरड्या तळघरात आडवं ठेवा. वसंतापर्यंत पाणी अजिबात नाही.

पण घड हवाच असेल तर माझं मत मोठ्या कुंडीकडे झुकतं. निसवल्यापासून फळ भरायला उष्ण हवेत तीन-चार महिने पुरतात, गार हवेत सहाही लागतात. सप्टेंबरात निसवलेली केळ बाहेर ठेवून काहीच हाती लागत नाही. कुंडी उजेडाच्या खोलीत ओढता येते. माझा पहिला घड असाच खिडकीशी भरला. दोनच फण्या, पण साल कोन सोडून गोल होत गेली तेव्हा मी रोज सकाळी हात लावून बघायचे.

बाकी किरकोळ. वाऱ्याआड, दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीशी लावा. उन्हाळ्यात पाणी आणि पालाश (पोटॅशचं खत) सढळ हाताने, थंडी लागताच खत बंद. एक अरुंद पानांचा मुनवा पुढच्या पिढीला ठेवा, बाकीचे काढा.

तिथला हिवाळ्यातला नीचांक, 20 अंशांवरचे महिने आणि भिंतीचं तोंड कुठे आहे एवढं कळवा, म्हणजे जमीन की कुंडी ते नक्की सांगते.