निऑन टेट्रा रात्री पांढरे पडतात, आजारी आहेत का?

प्रश्न: पुण्यात राहतो, मुलीच्या हट्टामुळे दीड फुटाचा टँक घेतला, त्याच दिवशी १० निऑन टेट्रा मासे पण आणले. आठवड्यात ५ गेले. उरलेल्यांचा लाल-निळा रंग सकाळी लाईट लावला की उडालेला असतो, अर्ध्या तासाने परत येतो. दुकानदार म्हणतो निऑन डिसीज आहे, औषध टाका. सोसायटीत बोरचं पाणी येतं. आणि सोबत एक एंजेल मासा घेऊ का?

उत्तर: आधी औषधाची बाटली बाजूला ठेवा. अंधारात निऑन फिके पडतातच. तो निळा पट्टा म्हणजे रंग नाहीच मुळी, कातडीतल्या बारीक स्फटिकांच्या थरांवरून उजेड परत फिरतो म्हणून तो निळा दिसतो, रात्री त्या थरांमधलं अंतर बदलतं आणि मासा फिका दिसतो. खऱ्या निऑन डिसीजमध्ये भर दिवसा पण अंगावर पांढुरका डाग राहतो, मासा कळप सोडून एकटा फिरतो, पुढे पाठीचा कणा वाकतो. त्यावर खात्रीचं औषध नाही, असा मासा लगेच वेगळा काढायचा.

तुमचे ५ गेले ते बहुतेक टँक कच्चा होता म्हणून. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि तुम्ही तर पहिल्याच दिवशी दहाच्या दहा सोडलेत (दुकानदाराने सांगायला हवं होतं खरं तर, पण त्यालाही मासे विकायचेत). आता खाणं अगदी चिमूटभर, दर दोन दिवसांनी पाव पाणी बदला आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर त्याने जिवाणू मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या. महिनाभर नवीन मासा नको. नंतर मात्र कळप परत १० चा करा, कमी असले की घाबरून कोपऱ्यात बसतात बिचारे.

बोरचं पाणी सहसा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं. हा मासा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, पेरू-कोलंबिया-ब्राझीलकडचा, तिथे सडक्या पानांमुळे चहासारखं दिसणारं, मऊ, थोडं आम्लधर्मी पाणी. आपल्याकडे दुकानात येणारे सहसा फार्मवर वाढवलेले, म्हणून थोडं चालवून घेतात, पण बोरमध्ये निम्मं आरओचं पाणी मिसळलंत तर बरं, आणि मिसळायचं ते हळूहळू, एकदम सगळं बदललं तर तो धक्का वेगळाच. रस्त्याकडेला देशी बदामाचं झाड असतं ना, त्याची खाली पडलेली वाळकी लाल पानं धुऊन एखाददुसरं टाका. पाणी तपकिरी होईल, घरचे ओरडतील, मासे खूश होतील! पुण्याच्या थंडीत हीटर २४ अंशांवर ठेवा.

एंजेल नको. लहान असतो तेव्हा गरीब वाटतो, मोठा झाला की निऑन गिळतो, एका रात्रीत निऑन मोजायला लागतील. शिवाय दीड फुटात त्याला उंचीही पुरत नाही.