आजी-आजोबा, केबिन आणि रात्रीचे दोन

प्रश्न : आम्ही मिनिआपोलिसच्या उपनगरात राहतो. जूनअखेरीस माझे आई-बाबा साताऱ्याहून येत आहेत. बाबा इन्सुलिन घेतात, आईचे गुडघे दुखतात. मुलं ९ आणि ४ वर्षांची. सगळ्यांनी मिळून इटास्का स्टेट पार्कला राहायला जायचं ठरतंय. तंबू की केबिन? बुकिंग कधी करायचं? आणि खाण्यापिण्याचं काय?
— एक वाचक, ईडन प्रेरी, मिनेसोटा

उत्तर : तंबू या खेपेला विसरा. पण ‘केबिन’ म्हटलं की सगळं आलं, असंही समजू नका. मिनेसोटाच्या स्टेट पार्कांत ‘कॅम्पर केबिन’ म्हणून जे मिळतं ते म्हणजे लाकडी खोली, बंक बेड, टेबल-बाकं, बऱ्याच ठिकाणी वीज, आणि बस्स. आत बाथरूम नाही, नळ नाही. आत स्वयंपाक करायलाही मनाई. गाद्या असतात, पण चादरी-उश्या-पांघरुणं आपली आपण न्यायची. पाच किंवा सहा माणसांची सोय. म्हणजे तुम्ही सहाजण कसेबसे मावाल, पण वरच्या बंकवर कोण चढणार ते घरीच ठरवून घ्या.

माझ्याकडे असे प्रश्न आले की मी आधी एकच विचारते : रात्री दोन वाजता बाथरूमला कोण उठणार आणि त्याला किती लांब चालावं लागणार? तळं दिसतं का, झाडी किती दाट आहे, हे सगळं नंतर. मधुमेह असलेले बाबा एकदा तरी उठणारच. काही केबिनपासून शॉवर आणि फ्लशची इमारत दोन मिनिटांवर असते, काहींच्या जवळ फक्त खड्ड्याचा संडास असतो, आणि काळोख असा की स्वतःचा हात दिसत नाही. बुकिंग करताना पार्कचा नकाशा उघडून हे अंतर बघा. इटास्कात डग्लस लॉज आहे, १९०५ सालचं, शिवाय वेगवेगळ्या प्रकारच्या केबिनही आहेत. आई-बाबांसाठी आतच बाथरूम असलेली जागा मिळाली तर थोडे जास्त पैसे जाऊ द्या. मात्र त्या विशिष्ट जागेच्या माहितीत ‘बाथरूम’ हा शब्द डोळ्यांनी वाचल्याशिवाय कार्ड काढू नका. फोटो फार गोड असतात.

बुकिंग १२० दिवस आधी उघडतं. २६ जूनला पोचायचं असेल तर २६ फेब्रुवारीला सकाळी लॅपटॉप उघडून बसायचं. हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्याकडे थोडेच दिवस असतील. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, लागून असलेला शनिवार-रविवार नकोच. रविवार ते बुधवार बघा, गर्दी निम्मी होते. जागा नाही मिळाली तर हिरमुसू नका. लोक रद्द करतात, आणि रद्द झालेल्या जागा परत दिसू लागतात.

आता इटास्काच का, हे आई-बाबांना सांगायला सोपं आहे. मिसिसिपी तिथे उगम पावते. तळ्यातून ती बाहेर पडते तिथे गुडघाभर पाणी, वीसेक फूट रुंदी, आणि ओळीने मांडलेले दगड. शेजारच्या खांबावर लिहिलंय की इथून ती २,५५२ मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. आमच्या सासूबाईंनी पदर खोचून, एका हाताने नातवाला धरून ती ओलांडली आणि पलीकडे जाऊन म्हणाल्या, “हीच का ती तुमची मिसिसिपी? पावसाळ्यात आमची वेण्णा हिला गिळून टाकेल.” दगड शेवाळलेले असतात. आईंना दगडांवरून नेऊ नका. शेजारच्या वाळूतून, मागे पट्टा असलेल्या सँडल घालून चालवा. गाडीतळापासून तिथवरची वाट सपाट आणि थोडीच आहे. बाकी पार्क त्यांना गाडीतून दाखवा. वाइल्डरनेस ड्राइव्हवर उंच जुने लाल पाइन काचेतूनही दिसतात. मुलांना मात्र एटन हाइट्सचा १०० फुटी टेहळणी मनोरा चढू द्या. बाबांना वाचनाची आवड असेल तर मेरी गिब्ज यांची गोष्ट सांगा. १९०३ साली, वयाच्या विशीत, त्या या पार्कच्या प्रमुख होत्या आणि लाकूड कंपनीच्या माणसांसमोर ठाम उभ्या राहिल्या. उगमाजवळच्या माहिती केंद्राला त्यांचंच नाव आहे.

खाणं. पहिल्या दिवशी घरूनच दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी. चार तास गाडीत बसून आल्यावर कोणालाही शेगडी पेटवायचा उत्साह नसतो. दुसऱ्या दिवसापासून दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी बाहेरच्या पिकनिक टेबलावर मांडा. फोडणी तिच्यावरच करा; लाकडाच्या जाळावर तेल कधी तापतं आणि कधी पेटतं ते कळत नाही. पिठलं-भात उत्तम होतो. कुकर न्या, पण रात्री दहानंतर शांततेची वेळ असते आणि शेजारच्या तंबूंना शिट्ट्यांचं कौतुक नसतं. जूनअखेर तिथे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ‘अजून उजेड आहे’ म्हणून जेवण लांबतं आणि दहा कधी वाजले ते कळत नाही. भांडी पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली घासू नका. आणि त्या भागात काळी अस्वलं आहेत, म्हणून चिवड्याचे डबे, फळं, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत, काचा वर करून.

इन्सुलिनसाठी वेगळी छोटी थंड पेटी ठेवा, कोल्ड्रिंकच्या पेटीत नको. ती दर दहा मिनिटांनी उघडते. बाटली थेट बर्फाला लागू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. औषधांची यादी आणि प्रवास विम्याचा कागद छापून घ्या, कारण जंगलात फोनला रेंज असेलच असं नाही. लागलंच काही तर पार्क रॅपिड्स हे गाव साधारण २० मैलांवर आहे.

आणि स्वेटर! जूनमध्येही रात्री पारा १० सेल्सियसपर्यंत उतरतो. साताऱ्याच्या हिवाळ्याची तयारी करून न्या.

प्रश्न : आम्ही नेपरव्हिलचे. जुलैत इलिनॉयमधल्या स्टार्व्ड रॉक स्टेट पार्कला राहून धबधबे बघायचे आहेत. मुलांना आवडेल ना?

उत्तर : पार्क आवडेल, धबधबे बहुतेक दिसणारच नाहीत. तिथलं पाणी बर्फ वितळल्यावर आणि वसंतातल्या पावसानंतर वाहतं. जुलैत बऱ्याच घळी कोरड्या किंवा नुसत्या ठिबकत्या असतात. शिवाय सुट्टीच्या दिवशी गाडीतळ सकाळीच भरतो. धबधब्यांसाठी एप्रिल-मे. जुलैच हवा असेल तर इंडियानातलं टर्की रन बघा : झुलता पूल, वाळूच्या खडकातल्या अरुंद घळी, शिड्यांची एक वाट, आणि पार्काच्या आतच राहायला हॉटेल (इन) आणि केबिन. तिथे घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असतं, तेव्हा पोचायची वेळ त्या हिशेबाने धरा.

प्रश्न : पहिल्यांदाच तंबू घेऊन डेव्हिल्स लेकला जातोय. घरामागे पाडलेल्या ॲश झाडाची सुकी लाकडं आहेत, ती नेऊ का? आणि गोचिडींची फार भीती वाटते.
— मॅडिसन, विस्कॉन्सिन

उत्तर : लाकडं अजिबात नेऊ नका. ॲशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि पुढे बराचसा पसरला तो लोकांनी गाडीत घालून नेलेल्या सरपणातूनच. विस्कॉन्सिनच्या पार्कांत १० मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित सरपणच चालतं. तिथे पोचल्यावर विकत घ्या.

गोचिडींना भ्यायचं नाही, शोधायचं. फिकट रंगाची लांब पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवलेलं. ते अंगाला लावायचं नाही, अंगाला डीट (DEET) असलेलं कीटकरोधक. मुलांसाठी पॅकवरच्या सूचना वाचा. वाटेच्या मधोमध चाला, कडेच्या उंच गवतात शिरू नका. संध्याकाळी प्रत्येकाचे गुडघ्यामागचे भाग, काखा, कंबर, कानांमागे आणि केसांत बोटं फिरवून तपासा. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, नुसत्या नजरेला चुकते. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी, असले घरगुती उपाय नकोत. गोचिडींमुळे होणाऱ्या लाइम आजाराचा संसर्ग व्हायला ती साधारण २४ तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी चुकवू नका. चावल्याची तारीख फोनमध्ये नोंदवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारं लाल पुरळ दिसलं तर डॉक्टरांना ती तारीख आणि पार्कचं नाव आधी सांगा.