ब्लूग्रासची मदत-मैफल पहिल्यांदा करताना

सप्टेंबर 2024 मध्ये हेलेन चक्रीवादळाने अमेरिकेतल्या पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात पूर आणून हाहाकार माजवला. ब्लूग्रास या तारवाद्यांवरच्या अमेरिकी लोकसंगीताची मुळं ज्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत आहेत, तोच हा मुलूख. अशा पूरग्रस्तांसाठी मैफल करताय, तर कलाकार शोधण्याआधी पैसे कुणाला जाणार ते ठरवा. संस्थेची लेखी संमती घ्या, तिचं नाव तिकिटावर छापा. अमेरिकेत तिकिटाची सगळी रक्कम करसवलतीत धरत नाहीत. मैफलीच्या वाजवी किमतीहून जास्त दिलेली रक्कमच देणगी ठरते. रोकड दोघांनी मिळून मोजावी. जुने कपडे मात्र गोळा करू नका. ते निवडण्यातच मदतकेंद्रातली माणसं अडकतात.

खरी कसोटी आवाजाची. बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिन), गिटार आणि गळे, सगळ्यांना मिळून मधोमध एक मोठा कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा) पुरतो. त्याला मिक्सरवरून 48 व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज, द्या. डबल बास या मोठ्या, खर्जातल्या तारवाद्याची लाइन वेगळी ठेवा. नवखे लोक कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून समोर ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमध्ये याच माईकचा आवाज सोडतात आणि शिट्टी सुरू होते. मॉनिटर बंदच बरा. मुख्य स्पीकर माईकच्या बरेच पुढे हवेत. ज्याची पाळी तो माईकजवळ सरकतो, बाकीचे मागे. बँजो एरवी सर्वांत लांब, कारण तो इतरांना गिळतो. उघड्यावर माईकला फोमचं आवरण हवंच. वाद्यं मंचामागे सावलीत ठेवा; उन्हात तारा तापून सूर उतरतो, आणि लोक ताटकळतात.