कुंडीतला लसूणघास: लागवड आणि स्वयंपाकातील वापर

गुरांना घालतात तो लसूणघास गच्चीवरील कुंडीत लावून भाजीत आणि चहात वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. जरूर येईल. नावात लसूण असली तरी तिच्याशी त्याचे काही नाते नाही. तो मेथीच्या भावकीतला आहे आणि तीन-तीन पानांचा कोवळा शेंडा पाहिला की ते लगेच पटते.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. सोटमूळ खोल जात असल्यामुळे कुंडी किमान दीड फूट खोल असावी आणि तिच्यात पाणी अजिबात साचू नये, कारण मुळे कुजून गेलेला घास पुन्हा उभा राहत नाही. बी पेरण्याआधी पांढऱ्या ताटात पसरून नीट पाहावे. लसूणघासाचे बी पिवळसर, गुळगुळीत आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे असते; त्यात बारीक, गोलसर, मातकट आणि खरखरीत दाणे दिसले तर ते अमरवेलीचे, म्हणजे दुसऱ्या झाडाला विळखा घालून त्याचा रस शोषणाऱ्या पिवळ्या दोऱ्यासारख्या वेलीचे, समजून वेचून टाकावेत. एवढे करूनही खोडाभोवती पिवळा दोरा दिसलाच, तर तो सोडवत न बसता रोपासकट उपटून जाळावा. जुन्या लसूणघासाच्या शेतातील ओंजळभर माती कुंडीत मिसळल्यास मुळांवर गाठी धरणारे जिवाणू तिच्यातून मिळतात.

पहिली कापणी साधारण 55 ते 60 दिवसांनी, जमिनीपासून तीन-चार बोटे ठेवून करावी. पुढे दर 25-30 दिवसांनी फुटवे तयार होतात. मात्र खाण्यासाठी फुलोऱ्याआधीचे वरचे दोन-तीन इंचांचे शेंडेच खुडावेत, कारण खालची देठे चिवट असतात. चव मटाराच्या कोवळ्या पाल्यासारखी, शेवटी किंचित कडवट लागते. मी एक मूठ शेंडे तीन मुठी मेथीत मिसळून पीठ पेरून भाजी करतो. थालीपिठातही ते छान मिळून येतात. चहासाठी पाने सावलीत वाळवून ठेवावीत.

पेरणीचे बी मोड आणण्यासाठी कधीही वापरू नये, कारण त्याला बुरशीनाशक चोळलेले असू शकते. या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असल्याने वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो खाऊ नये. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) असलेल्यांनी तर तो टाळावाच, विशेषतः बी आणि मोड, कारण त्यांतील कॅनाव्हॅनिन या द्रव्याने हा आजार बळावू शकतो.